एपीआय : उपकार की अधिकार?

आजकाल आपण सगळेच दिवसातले कितीतरी तास मोबाईलवर असतो. रेक्टर सर ओरडतात, घरचे ओरडतात, तरी असतो. पण ज्या अ‍ॅपमधून आपण हे सगळं बघतो ते कोणी बनवलं, ते कोणाच्या परवानगीने चालतं आणि उद्या ती परवानगी काढून घेतली तर काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

२०२३ या एकाच वर्षात ट्विटर आणि रेडिट या दोन मोठ्या कंपन्यांच्या निर्णयांमुळे बाहेरच्या लोकांनी बनवलेली लोकप्रिय अ‍ॅप्स बंद पडली. त्यावर असंख्य लोक चिडले, संप झाला, कित्येक जण सोडून गेले. तरीसुद्धा रेडिटचं तर फारसं काही बिघडलं नाही. असं का झालं? आणि आपल्याच मुंबईत याच्या अगदी उलट गोष्ट कशी घडली? हे समजून घेण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे. विषय कॉम्प्युटरचा वाटला तरी सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, कारण मुद्दा शेवटी हळदीच्या टेम्पोवर येणार आहे!

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण?

आपण हिंगोली डेक्कन स्टेशनवर उभे असतो आणि पूर्णेकडून येणारी गाडी कुठवर आली हे बघायला बहुतेक जण ‘व्हेअर इज माय ट्रेन’ उघडतात. हे अ‍ॅप रेल्वेने बनवलेलं नाही. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्स नावाच्या छोट्या कंपनीने ते बनवलं आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे गाडी रेल्वेची, प्रवासी आपण, आणि मधला हा तिसरा. यालाच थर्ड पार्टी म्हणतात.

सोशल मीडियातही असंच असतं. ट्विटर ही कंपनी म्हणजे पहिला पक्ष, आपण वापरणारे दुसरा पक्ष, आणि ट्विटरवरचा मजकूर आपल्याला वेगळ्या, सोयीच्या पद्धतीने दाखवणारं अ‍ॅप बनवणारा हा तिसरा पक्ष.

हा तिसरा पक्ष कंपनीकडून मजकूर आणतो कसा? तर एपीआयमधून. आपल्या लायब्ररीत आपल्याला आतल्या कपाटांपर्यंत जाऊ देत नाहीत. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, त्यावर पुस्तकाचा नंबर लिहायचा, आणि आतून पुस्तक येतं. एपीआय म्हणजे हा काउंटर. अ‍ॅप चिठ्ठी पाठवतं, तिला रिक्वेस्ट म्हणतात, आणि कंपनीचा सर्व्हर उत्तर देतो. चिठ्ठी कशी लिहायची, दिवसाला किती द्यायच्या, फुकट की पैसे देऊन, हे सगळं काउंटरवाला ठरवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण याच्यावरच आहे.

पाहुण्यांनी सजवलेलं घर

आता कोणी म्हणेल, कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप असताना तिसऱ्याची गरजच काय? तर गंमत अशी, की सुरुवातीला कंपन्यांकडे स्वतःची धड अ‍ॅप्सच नव्हती. ट्विटर २००६ मध्ये सुरू झालं. २००७ मध्ये आयकॉनफॅक्टरी या कंपनीने ‘ट्विटरिफिक’ बनवलं. पुढे ट्विटरची ओळख झालेला पक्षी आधी या बाहेरच्या अ‍ॅपच्या आयकॉनवर होता, आणि ‘ट्वीट’ हा शब्दसुद्धा इथूनच रुळला.

त्याच्यापुढची गोष्ट तर मला फारच आवडते. आपण स्क्रीन बोटाने खाली ओढतो आणि नवा मजकूर येतो ना, ती युक्ती लॉरेन ब्रिक्टर या एकट्या प्रोग्रामरने ‘ट्वीटी’ नावाच्या थर्ड पार्टी अ‍ॅपमध्ये आणली. २०१० च्या एप्रिलमध्ये ट्विटरने ‘ट्वीटी’ विकत घेतलं आणि तेच त्यांचं अधिकृत आयफोन अ‍ॅप झालं. आज ती युक्ती जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपमध्ये आहे.

रेडिटचं त्याहून पुढे. रेडिट २००५ पासून चालू आहे. आपल्यातले जेईई-नीटची तयारी करून आलेले बरेच जण तिथल्या कट्ट्यांवर फिरलेले असतील. त्यांचं स्वतःच्या नावाचं अधिकृत मोबाईल अ‍ॅप २०१६ च्या एप्रिलमध्ये आलं. तोपर्यंत मोबाईलवर रेडिट वाचायचं तर ‘रेडिट इज फन’, ‘बेकनरीडर’, ‘सिंक’ अशा बाहेरच्यांच्या अ‍ॅप्सवर बरेच जण अवलंबून असत. म्हणजे घर मालकाचं, पण माणसं येतील अशी बैठक सजवली पाहुण्यांनी.

घर नावारूपाला आलं की मालकाला पाहुणे जड व्हायला लागतात. ट्विटरने २०१२ च्या ऑगस्टमध्येच नियम केला, की ट्विटर दाखवणाऱ्या अ‍ॅपला एक लाखाहून जास्त वापरणारे हवे असतील तर आधी आमची परवानगी घ्या. म्हणजे चांगलं अ‍ॅप बनवणं हाच गुन्हा! वाढलास की थांब.

जानेवारी ते जून २०२३

इलॉन मस्क यांनी २०२२ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटर घेतलं. १२ जानेवारी २०२३ च्या रात्री, अमेरिकेच्या वेळेनुसार, ‘ट्वीटबॉट’ आणि ‘ट्विटरिफिक’ अचानक चालेनासे झाले. आधी सूचना नाही, नोटीस नाही. काही दिवसांनी सांगण्यात आलं, की आम्ही आमचे जुनेच नियम लागू करतोय. आणि त्यानंतर १९ जानेवारीला नियमावलीत नवं कलम आलं, की ट्विटरसारखंच दुसरं अ‍ॅप बनवायला मनाई आहे. आधी शिक्षा, मग कायदा. सोळा वर्षं चाललेलं ‘ट्विटरिफिक’ असं संपलं.

फेब्रुवारीत फुकट एपीआय बंद करण्याची घोषणा झाली. मार्चअखेर नवे दर आले. फुकटवाल्यांना ट्वीट वाचता येणार नाहीत, फक्त महिन्याला १५०० टाकता येतील. वाचायचे असतील तर सर्वांत स्वस्त योजना महिना १०० डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ८२०० रुपये, आणि त्यात महिन्याला १०,००० ट्वीट. आता हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे बघा. ‘ट्विटर सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस’ हा देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा ठरलेला फायनल इयर प्रोजेक्ट होता. पायथॉनच्या चार ओळी, ट्वीट उतरवा, चांगलं-वाईट मोजा, रिपोर्ट बाइंड करा. त्या दरांनंतर तेच करायचं तर मेसच्या दोन-तीन महिन्यांच्या बिलाएवढे पैसे दरमहा मोजावे लागणार होते. ज्याने काही चूक केली नाही त्याचाही पाया निघून गेला.

मग रेडिट. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं, की एपीआयला आता पैसे लागतील. ३१ मे रोजी ‘अपोलो’ या आयफोन अ‍ॅपचे कॅनडातले निर्माते ख्रिश्चन सेलिग यांनी दर जाहीर केला, आणि खळबळ उडाली. तो हिशेब आपण इंजिनिअर लोकांनी स्वतः करून बघण्यासारखा आहे.

जरा गणित करू

दर : १००० रिक्वेस्टला ०.२४ डॉलर.
अपोलोच्या महिन्याच्या रिक्वेस्ट : ७ अब्ज.

७ अब्ज भागिले १००० म्हणजे ७० लाख. त्याला ०.२४ ने गुणलं की येतात १६ लाख ८० हजार डॉलर, एका महिन्याचे. वर्षाचे झाले सुमारे दोन कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ १६५ कोटी रुपये. एका माणसाने चालवलेलं अ‍ॅप!

आता तोच हिशेब एका वापरणाऱ्यामागे करा. सेलिग यांच्या सांगण्यानुसार एक माणूस सरासरी दिवसाला ३४४ रिक्वेस्ट करतो. महिन्याला झाल्या १०,३२०. पैसे झाले साधारण अडीच डॉलर, म्हणजे दोनशे रुपये.

इथे थोडं थांबून विचार केला पाहिजे. दोनशे रुपये महिना ही काही अशक्य रक्कम नाही. बऱ्याच जणांनी दिलेही असते. मग अडलं कुठे? अडलं मुदतीत. दर कळला मेअखेर आणि लागू झाला १ जुलैपासून. ज्यांनी वर्षभराची वर्गणी आधीच भरली होती त्यांच्याकडून नवे पैसे कसे घेणार? दर बदलण्याचा कंपनीला हक्क असेलही. पण बोलणी करायला कोणी पंच नव्हता, दाद मागायला जागा नव्हती. ३० जून २०२३ ला अपोलो, सिंक, बेकनरीडर, रेडिट इज फन, सगळ्यांनी गाशा गुंडाळला.

यात सर्वांत वाईट अवस्था झाली ती अंध वापरणाऱ्यांची. डोळ्यांनी न दिसणारा माणूस स्क्रीन रीडर वापरतो. तो स्क्रीनवरचं बटण, अक्षर वाचून दाखवतो. पण त्यासाठी अ‍ॅपमधल्या प्रत्येक बटणाला आतून नाव दिलेलं असावं लागतं. अधिकृत अ‍ॅपमध्ये यात बऱ्याच त्रुटी होत्या, म्हणून अंध लोक बाहेरच्या अ‍ॅप्सवर अवलंबून होते. त्यांनी आवाज उठवल्यावर ‘रेडरीडर’, ‘डिस्टोपिया’ अशा काही बिनव्यावसायिक अ‍ॅप्सना सूट मिळाली. मिळाली हे चांगलंच झालं. पण ती सूट होती, हक्क नव्हता.

लोक निघाले, पण पोचले कुठे?

१२ ते १४ जून या दिवसांत आठ हजारांहून अधिक कट्टे त्यांच्या स्वयंसेवक चालकांनी कुलूपबंद केले. एवढे कट्टे एकदम बंद झाल्याने १२ जूनला खुद्द रेडिटच काही वेळ कोलमडलं. नंतर काही ठिकाणी तर नुसते जॉन ऑलिव्हर या विनोदी कलाकाराचेच फोटो टाकायचे असा गमतीशीर निषेध चालला. रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, की हे वादळही जाईल. आणि खरंच गेलं. कुलूप न उघडणाऱ्या चालकांना तुमच्या जागी दुसरे नेमू असं बजावण्यात आलं.

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गायला लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. रेडिटवरचे लोकही मागच्या बाजूला जाऊन गायले. पण कंपनीचा सर्व्हर म्हणजे काही नागनाथ नव्हे!

आकडेच बघा. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत रेडिटचे रोजचे वापरणारे होते ७ कोटी ३१ लाख. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत झाले १० कोटी १७ लाख. मधल्या काळात, २१ मार्च २०२४ ला, कंपनी शेअर बाजारातही आली.

मग सोडून गेलेल्यांचं काय? ट्विटरवाले मुख्यतः मॅस्टोडॉनकडे गेले, रेडिटवाले लेमीकडे. मॅस्टोडॉन ऑयगेन रोखको या तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलं. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याचे महिन्याचे वापरणारे तीन लाखांच्या घरात होते, ते नोव्हेंबरात एकदम २५ लाखांवर गेले. नंतर मात्र त्यातले बरेच जण ओसरले.

हे आपल्यालाही नवीन नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, तेव्हा कित्येक भारतीय रागाने मॅस्टोडॉनवर गेले होते. आणि जानेवारी २०२१ तर सगळ्यांनाच आठवत असेल. व्हॉट्सअ‍ॅपची नवी पॉलिसी आली आणि घराघरांत ‘सिग्नलवर या’ चा मेसेज फिरला. तो मेसेज फिरला अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर! आमच्याकडेही मोठ्या दादाने सिग्नलवर ‘फॅमिली’ ग्रुप उघडला. काका आले, मावशी आली, आजोबा काही आले नाहीत. तीन आठवड्यांत सगळे आजोबांच्या ‘शुभ सकाळ’साठी परत जिथल्या तिथे. त्या पॉलिसीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण तोवर आपण सगळे परत येऊन चार वर्षं होत आली होती.

काही जण ‘कू’ वर गेले. आपल्या देशाचं, मराठीतही लिहिता येणारं, म्हणून कौतुक झालं. जुलै २०२४ मध्ये तेही बंद झालं. एका मालकाच्या वाड्यातून निघून दुसऱ्या मालकाच्या वाड्यात गेलो, आणि तो वाडाच विकायला निघाला.

हळदीचा टेम्पो

आता कबूल केल्याप्रमाणे हळदीकडे येते. समजा कळमनुरीकडच्या एखाद्या शेतकऱ्याने हिंगोलीच्या मोंढ्यात हळद आणली आणि भाव पटला नाही. तो काय करतो? टेम्पो वळवतो आणि वसमतला नेतो. नाहीतर नांदेडला. डिझेल जातं, दिवस जातो, पण हळद त्याच्याच टेम्पोत असते. तो जाऊ शकतो हे आडत्यालाही माहीत असतं, म्हणून आडत्या जरा नीट बोलतो.

सोशल मीडियावर आपण टेम्पो वळवतो तेव्हा तो रिकामा असतो. दहा वर्षांचं लिखाण, फोटो, ओळखी, कोण आपल्याला वाचतं आणि आपण कोणाला वाचतो ही सगळी हळद मोंढ्यातच राहते. खूप झालं तर कंपनी लिखाणाची एक फाईल देते. पण माणसं फाईलमध्ये येत नाहीत. म्हणून चिडलेला माणूस जातो, चार दिवस रिकाम्या टेम्पोत बसतो आणि परत येतो. यात त्याचा आळस किंवा भित्रेपणा नाही. व्यवस्थाच तशी बांधली आहे. आणि व्यवस्था बांधणारे कोण? आपणच, म्हणजे इंजिनिअर लोक.

कंपनीचंही ऐकू

एकच बाजू सांगणं बरोबर होणार नाही. दार उघडं ठेवण्याचे धोकेही खरे आहेत. फेसबुकने सुरुवातीच्या काळात थर्ड पार्टी अ‍ॅप्सना इतकी मोकळीक दिली होती, की एखाद्याने अ‍ॅप घेतलं तर त्याच्या मित्रांचीही माहिती अ‍ॅपवाल्याला मिळायची. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये जे सांगितलं त्यानुसार भारतात ते अ‍ॅप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी. पण माहिती जाण्याची शक्यता असलेले लोक होते ५ लाख ६२ हजार ४५५. तीनशे पस्तीस जणांच्या एका क्लिकमुळे साडेपाच लाख! तेव्हा काही दारं बंद करावीच लागतात. आपल्या हॉस्टेलवर ‘जीबी व्हॉट्सअ‍ॅप’ वापरणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं. कंपनीचं सोडा, ते अ‍ॅप बनवणारा कोण आणि तो आपले मेसेज वाचतो का, हे तपासायची आपल्याकडे काही सोय नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. बाहेरच्या अ‍ॅपमध्ये कंपनीची जाहिरात दिसत नाही, पण सर्व्हरचा खर्च कंपनीचाच. आणि तिसरा मुद्दा एआयचा. लोकांनी लिहिलेला मजकूर मोठ्या कंपन्या एपीआयमधून फुकट उचलून आपली मॉडेल्स शिकवत होत्या. हफमन यांनी ही तक्रार उघड केली होती. पुढे शेअर बाजारात येताना रेडिटने सांगितलं, की मजकूर वापरू देण्याचे २० कोटी ३० लाख डॉलरचे करार आमच्याकडे झालेले आहेत. तक्रार पटते. पण तो मजकूर लिहिला कोणी? वापरणाऱ्यांनी. त्यांना यात विचारलं कोणी? कोणीच नाही.

म्हणजे दार उघडं की बंद, एवढाच प्रश्न नाही. दाराचे नियम कोण ठरवणार, आणि ते बदलताना दुसऱ्याला किती वेळ मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या मुंबईत काय झालं?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. कँटीनमध्ये चहाचे दहा रुपये देताना आपण रोज एक थर्ड पार्टी अ‍ॅप वापरतो. खातं असतं स्टेट बँकेत, अ‍ॅप असतं फोनपे किंवा गुगल पे, आणि चहावाल्याचं खातं तिसऱ्याच बँकेत. यूपीआय ही व्यवस्था मुंबईच्या एनपीसीआय या संस्थेने ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू केली. तिच्या नियमांत या अ‍ॅप्सचं नावच आहे ‘थर्ड पार्टी अ‍ॅप्लिकेशन प्रोव्हायडर’. तिथे तिसरा हा पाहुणा नाही. त्याला नियमाने दिलेलं पान वाढलेलं आहे.

जानेवारी २०१७ मध्ये रेडिटसारखाच प्रसंग इथे आला होता. आयसीआयसीआय बँकेने फोनपेवरून येणारे यूपीआय व्यवहार अडवले. कारण दिलं सुरक्षेचं. नोटाबंदी होऊन जेमतेम दोन महिने झालेले, लोक नुकते कुठे मोबाईलवर पैसे पाठवायला शिकत होते. पण इथे पंच होता. एनपीसीआयने आधी बँकेला व्यवहार सुरू करायला सांगितलं. मग फोनपेचीही बाजू तपासली आणि म्हटलं, की फ्लिपकार्टवर यूपीआयसाठी फक्त फोनपेच चालतं, दुसऱ्या अ‍ॅप्सना वाव नाही, हेही नियमात बसत नाही. दोघांनाही नियम दाखवला. फेब्रुवारीत गाडी रुळावर आली.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. फोनपेचं सगळं यूपीआय तेव्हा येस बँकेमार्फत चालायचं. अ‍ॅप रात्रीतून ठप्प. आणि साधारण एका दिवसात ते परत सुरू झालं, दुसऱ्या बँकेमार्फत. ती बँक कोणती? तीच, आयसीआयसीआय! फोनपेच्या आयडीमागे वायबीएल, आयबीएल, एएक्सएल असे वेगवेगळे शेपूट का असतात याचं उत्तर यात आहे. येस, आयसीआयसीआय आणि अ‍ॅक्सिस अशा तीन बँका. एक दार बंद पडलं तर दुसरं.

तीन वर्षांपूर्वीचे भांडखोर एका दिवसात जोडले गेले, कारण जोडणीचा नियम दोघांच्याही वर होता. वापरणाऱ्याची बँक तीच, नंबर तोच, माणसं तीच.

मोबाईल नंबरचंही तसंच. पूर्वी कंपनी बदलायची म्हणजे नंबर सोडायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टेबिलिटी आली आणि १९०० वर एक एसएमएस करून नंबरसकट निघता येऊ लागलं. कंपनीने दयाळूपणे दिलं नाही. नियमाने द्यायला लावलं.

यूपीआयही काही स्वर्ग नव्हे. दोन अ‍ॅप्सकडेच बहुतेक व्यवहार एकवटलेत. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त हिस्सा नको असा नियम २०२० मध्ये केला, पण त्याची मुदत पुढे ढकलत २०२६ च्या डिसेंबरअखेर नेली. नियम असला की सगळं आपोआप होतं असं नाही. पण नियम असला तर निदान बोट दाखवायला जागा असते.

मग सोशल मीडियात का नाही?

तांत्रिक अडचण आहे असं म्हणाल तर तसं नाही. ईमेलचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल १९८२ पासून आहे. जीमेलवरून याहूला पत्र जातं, आपण त्याचं नवलही करत नाही. जुन्या बॅचचे सर-मॅडम सांगतील, की जीटॉकसुद्धा एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर चालायचं आणि पिजिनसारख्या बाहेरच्या अ‍ॅपमधून वापरता यायचं. सोशल मीडियासाठीही ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने मान्य केला. मॅस्टोडॉन आणि लेमी त्यावरच चालतात. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना आपले वाचणारे सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात. म्हणजे अर्धी हळद तरी टेम्पोत येते.

कायद्याचं म्हणाल तर युरोपात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टने मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मोठ्या सेवांवर इतरांशी जोडणी देण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यातून तो गळला. या एका ओळीवर फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते व्हायला हवी होती.

आपण काय करू शकतो?

संसदेत कायदा आणणं आपल्या हातात नाही. पण उद्या आपल्यातलेच कोणी बँकेचं, कोणी सरकारी खात्याचं, कोणी स्वतःच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिणार आहे. तोपर्यंत प्रोजेक्ट निवडताना किंवा हॉस्टेलच्या नोट्स, जुने पेपर, मेसचा हिशेब एखाद्या अ‍ॅपवर टाकताना चार प्रश्न विचारू या.

१. उद्या हे बंद पडलं तर आपला माल बाहेर काढता येईल का? कोणत्या फॉरमॅटमध्ये?
२. मालासोबत माणसंही नेता येतील का, की सगळ्यांना पुन्हा गोळा करावं लागेल?
३. आपला प्रोजेक्ट एकाच काउंटरवर उभा आहे का? तो बंद झाला तर दुसरा डेटासेट हाताशी आहे का?
४. नियम बदलला तर किती दिवस आधी सांगणार, हे कुठे लिहिलेलं आहे का?

चारही प्रश्नांना ‘नाही’ उत्तर आलं तरी ते अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणत नाही. मीही वापरते. पण आठवड्यातून एकदा नोट्सची एक प्रत हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या कॉम्प्युटरवर आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि कधी स्वतः एपीआय लिहायची वेळ आली, तर बाहेर पडण्याचं दार पहिल्या दिवशीच बांधा. सेमिस्टरच्या शेवटी ते राहूनच जातं, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहेच!